नेम आणि नजर

पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, गोळी ५.६ मिलिमीटरची. काळ्या भागात पडलेले छिद्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक गोळीचे गुण तत्क्षणी दाखवीत होते. कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला मात्र दुर्बिणीकडे वळावे लागते, नाहीतर चालत जावे लागते. मोठ्या कष्टाने साधलेली शरीराची बैठक तेवढ्यात मोडते. घरगुती कॅमेऱ्याची खटपट होते ती यासाठी. गोळीच्या मार्गाबाहेर, लक्ष्याच्या खाली एका अंगाला, पोलादी पत्र्याआड लहानसा कॅमेरा आणि बॅटरी ठेवायची. चित्र बिनतारी जोडणीने नेमबाजाजवळच्या फोनवर येते. तिरक्या कोनामुळे वर्तुळ लंबगोल दिसते, पण आधीच्या चित्राशी ताडून पाहिले की नवे छिद्र ओळखू येते.

नेम धरताना दुसरीकडे पाहण्याची कल्पना आपल्याला द्रौपदीस्वयंवरातील मत्स्यभेदाने परिचित आहे. वास्तविक सुखटणकरांनी संपादिलेल्या, १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित पाठात ना मासा आहे, ना पाण्यातले प्रतिबिंब. अधांतरी यंत्र आणि सोन्याचे लक्ष्य, एवढेच. प्रतिबिंबाची भर मागाहूनची, आणि ती मार्मिक खरी. तिथे प्रतिबिंब बाण सुटण्यापूर्वी पाहायचे असते. कॅमेऱ्याचे चित्र गोळी सुटल्यावर येते, आणि एकदा डोळ्यांत भरलेले छिद्र पुढच्या नेमाच्या आड येऊ लागते. तेव्हा इतक्या खटपटीने जवळ आणलेला तो फोन दहा गोळ्या होईपर्यंत पालथा ठेवलेलाच बरा.