मागं उभा राहणारा

आमच्या डिंगोऱ्यात मी लहान असताना फुटबॉल हा खेळ नव्हता, ती एक वस्तू होती. शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळीमागे ती असे आणि सरांचा मूड व चेंडूतली हवा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जमून आल्या तरच बाहेर निघे. गाव कबड्डीचं आणि कुस्तीचं. तेव्हा फुटबॉलचे नियम सरांना जेवढे ठाऊक होते तेवढेच आम्हाला, म्हणजे दोन. पहिला, हात लावायचा नाही. दुसरा, ज्याला पळता येत नाही आणि ज्याला घरीही पाठवता येत नाही, त्याला सांगायचं, "तू मागं उभा राहा."

अशा रीतीने मी बॅक झालो. माझ्यामागे गोलकीपर आणि त्याच्यामागे बाजरीचं रान. गोल झाला की चेंडू रानातून हुडकून आणायचं कामही बॅकचंच, असा तिसरा नियम खास माझ्यासाठी करण्यात आला होता.

पुढे पुण्यात एका बँकेत चिकटलो आणि तिथेही मागेच उभा राहिलो. बॅक आणि बँक यांत फरक फक्त अनुस्वाराचा. तीस वर्षांत हजारो चेक बिनचूक वटवले, कोणी येऊन म्हणालं नाही, "वा, काय सही ताडून पाहिलीत!" एकदाच एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात पडली, तर शिपायासकट सारी शाखा माझ्या टेबलाभोवती गोळा झाली. असो.

२०१० च्या सुमारास भाच्याने मला बालेवाडीला पुणे एफसीचा सामना पाहायला नेलं. त्याच्या मित्राला ताप आला होता, ही माझी पात्रता. सगळे चेंडूकडे बघत होते. माझी नजर मात्र जुन्या सवयीने मागे गेली आणि तिथून बाजूच्या रेषेपाशी उभ्या असलेल्या माणसावर येऊन थांबली. तो डेरिक परेरा. मूळचा गोव्याचा. साळगावकर क्लबचा बचावपटू, भारताकडूनही खेळलेला. म्हणजे आमच्याच जातीचा! आयुष्यभर मागं उभं राहून झाल्यावर आता त्याला मैदानाच्याही बाहेर उभं केलं होतं.

भाच्याने त्याची जन्मकुंडली सांगितली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा तो प्रशिक्षक असताना या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. लीग म्हणजे काही बंगाल्यांच्या आणि गोवेकरांच्या घरातली पूजाच. तिथे मुंबईने प्रसाद उचलला. मग २००९ मध्ये तो पुण्यात आला. संघ नुकताच खालच्या विभागातून वर चढलेला. पहिल्याच हंगामात तिसरा नंबर. २०१२-१३ मध्ये तर दुसरा, फक्त चर्चिल ब्रदर्सच्या मागे.

इथपर्यंत ठीक. खरी मौज पुढे आहे, जर तिला मौज म्हणायचं असेल तर. महिंद्राने २०१० मध्ये संघच बंद केला. पुणे एफसीचा २०१४-१५ चा हंगाम शेवटचा ठरला. मधल्या काळात डेरिकराव आपल्या जुन्या साळगावकरात गेले. तो क्लब २०१६ मध्ये महासंघाशी बिनसून आय-लीगमधून बाहेर पडला. नंतर पुण्यातच डीएसके शिवाजियन्स. २०१७ नंतर तोही लीगमधून गेला. एकाही ठिकाणी दोष याचा नाही. हा इमानाने दार राखत उभा, आणि मालकाने मागच्या मागे घर विकलेलं.

हे मी इतक्या आत्मीयतेने सांगतो, कारण मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी आमची शाखा शेजारच्या शाखेत विलीन झाली. ज्या तिजोरीची किल्ली मी अकरा वर्षं जानव्याला अडकवल्यासारखी जपली, त्या जागी आता चपलांचं दुकान आहे. परवा मी तिथून चप्पल घेतली. माणसाने कुठेतरी गिऱ्हाईक व्हावं.

मागल्या मे महिन्यात गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसून मी हे सारं चुलत्यांना, तात्यांना, ऐकवलं. तात्यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आयुष्यभर कांदा पिकवला आणि त्याहून जास्त काळ तो राखला. बराखीतला कांदा सडला तर घरात बोंब. टिकला तर तो कांद्याचा गुण.

"मंग त्यानं सवताहून गोल किती केलं?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, तो बॅक होता. दुसऱ्याचे गोल अडवायचे."

"अडवलेलं कुनी मोजलं का?"

"नाही."

"न्हाईच मोजीत." त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. "आता काय करतो?"

मी सांगितलं, की २०२१ च्या डिसेंबरात एफसी गोवाचा स्पॅनिश प्रशिक्षक हंगाम अर्ध्यावर टाकून कोलकात्याच्या संघाकडे गेला. तेव्हा गोवेकरांना घरातलाच हा माणूस आठवला. साठीला टेकलेला. त्याने निमूटपणे उरलेला हंगाम ओढला.

"जितला का?"

"नववा नंबर आला."

"किती जनांत?"

"अकरा."

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. "मंजे दोघं अडवलं की त्यानं," ते समाधानाने म्हणाले.

यावर काय बोलावं ते मला सुचेना. तेवढ्यात माळशेजच्या बाजूला वीज लकाकली आणि वारा सुटला. वळीव यायची लक्षणं. तात्या काठी टेकत उठले, बॅटरी घेतली, आणि बराखीवर टाकायचा प्लॅस्टिकचा कागद माझ्या अंगावर भिरकावला. कागदाचं पुढचं टोक चुलतभावाने धरलं. मीही पुढे सरसावलो.

"तू न्हाय पुढं," तात्या अंधारातून ओरडले. "तू त्या कोपऱ्याला, मागं उभा राहा."