डब्यातला पाक

लोणी २२५ ग्रॅम, पीनट बटर २५० ग्रॅम, पिठीसाखर ४५० ग्रॅम, चमचाभर व्हॅनिला. लोणी आणि पीनट बटर मायक्रोवेव्हमध्ये एकत्र पातळ करायचं, त्यात साखर चाळून घालायची, लाकडी चमच्यानं कालवायचं, ट्रेमध्ये थापायचं आणि दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचं. एवढंच. ओहायोतल्या कोलंबसला राहणाऱ्या भाचीनं फोनवर सांगितलेली ही पीनट बटर फजची कृती. ‘मावशी, यात बिघडण्यासारखं काही नाहीच गं,’ म्हणाली, आणि ते खरं आहे. पण जन्मभर नारळाच्या वड्या पाडलेल्या बाईला हे ऐकून पहिली शंका येते ती अशी, की मग पाक कुठे गेला?

*

जुन्या फजमध्ये पाक होता, आणि सगळी मदार त्याच्यावरच होती. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार या मुलींच्या कॉलेजात एमेलिन हार्ट्रिज नावाची विद्यार्थिनी होती. तिनं पत्रात लिहून ठेवलंय की १८८६ साली बाल्टिमोरला तिच्या मैत्रिणीच्या नात्यातल्या कुणी फज करून पौंडाला ४० सेंटनं विकला. ती कृती तिनं मिळवली आणि १८८८ साली कॉलेजातल्या लिलावासाठी ३० पौंड फज केला. पुढे वेलस्ली आणि स्मिथ या कॉलेजांनी आपापल्या तऱ्हा काढल्या. साखर, साय, लोणी, चॉकलेट. दाण्याचा पत्ता नव्हता. तो नंतर आला.

३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. एवढा फज हातानं घोटायचा म्हणजे दंड भरून येणार. पदार्थ ‘मुलींची गंमत’ म्हणून नोंदला गेला, पण काम हलवायाचं आहे.

*

पाकाचं गणित असं. साखर-दुधाचं मिश्रण ११२ ते ११६ अंश सेल्सियसपर्यंत न्यायचं. आपल्याकडे वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाकतात आणि बोटांनी मऊ गोळी वळते का बघतात, तीच ही जागा. इथवर दोन्हीकडे सारखं. फरक पुढे आहे.

नारळाची वडी आपण आचेवरच ढवळत राहतो. कडा सुटायला लागल्या, मिश्रण पातेल्याच्या मधोमध गोळा व्हायला लागलं की ताटात ओततो. साखर ढवळता ढवळताच, गरम असताना, परत दाणेदार होते. ती वडी रवाळ लागते आणि तशीच लागायला हवी. फज रवाळ झाला तर फसला. म्हणून पाक उतरवला की त्याला हात लावायचा नाही. चमचा नाही, पातेलं हलवणं नाही, कुणी धक्का मारायचा नाही. ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे पातेल्याचा तळ हाताला सोसवेल इतका निवला, की मग घोटायला घ्यायचं. निवलेल्या पाकात साखर कोंडलेली असते. घोटताच ती एका दमात असंख्य बारीक कणांनी बाहेर येते, इतक्या बारीक की जिभेला कण म्हणून कळतच नाहीत.

घोटताना नजर चकाकीवर ठेवायची. आधी मिश्रण काचेसारखं चमकतं, चमच्यावरून तार धरून पडतं. बराच वेळ काहीच होत नाही. मग चमच्याच्या वाटेवर एक मंद पट्टा उमटतो, तो मिटत नाही, आणि पाहता पाहता सगळ्यावरून चमक उतरते. त्या क्षणी ओतायचं. आणखी मिनिटभर रेंगाळलं तर फज पातेल्यातच बसतो आणि मग उलथण्यानं उकरावा लागतो.

*

थर्मामीटरवाल्यांसाठी एक सूचना. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. परदेशी पुस्तकातला ११४ चा आकडा इथे ११२ धरायचा. महाबळेश्वरला आणखी दोन-अडीच अंश खाली. वाटीतल्या पाण्याला ही भानगड नाही. गोळी वळली की वळली, मग तुम्ही अलिबागला असा नाहीतर पाचगणीला.

*

तर पाक कुठे गेला? डब्यात गेला.

सोप्या फजच्या जेवढ्या कृती आहेत त्या सगळ्यांत एक तरी डबा, बरणी नाहीतर पुडा असतो, ज्याच्या आत कारखान्यानं आधीच पाक केलेला असतो. कंडेन्स्ड मिल्क घ्या. गेल बोर्डननं १८५६ साली त्याचं पेटंट घेतलं. निर्वात भांड्यात दूध आटवलेलं, जवळपास निम्मा भाग साखर, आणि ते जिभेला वाळूसारखं लागू नये म्हणून त्यातली दुधाची साखर मुद्दाम बारीक कणांत बसवलेली. म्हणजे घोटण्याचं कामही त्यांनीच उरकलंय. आपल्याकडचं मिठाईमेट हे त्याच जातीचं; नावच सांगतंय की मिठाईतली निम्मी मेहनत आम्ही केली.

मार्शमॅलो फ्लफ घालून करतात तोही प्रकार तसाच. मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावात आर्चिबाल्ड क्वेरी यानं १९१७ साली तो घरी करून दारोदार विकायला सुरुवात केली. शिजवलेला पाक अंड्याच्या पांढऱ्यात फेटलेला. तो बरणीतून काढून गरम दूध-साखरेत मिसळला की फज सहसा रवाळ होत नाही. (अंडं न खाणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. साध्या मार्शमॅलोत अंडं नसलं तरी जिलेटिन असतं.)

आणि भाचीच्या कृतीतली पिठीसाखर? ते तर कण आधीच दळून ठेवलेले. अमेरिकेतल्या पुड्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्चही असतो, जो लोण्याला धरून ठेवायला मदत करतो. घरी मिक्सरवर दळलेली साखर वापरली तर वस्त्रगाळ करून घ्यावी, नाहीतर दाताखाली कचकच येते.

यात तुच्छतेनं बोलण्यासारखं काही नाही. आपण तरी चितळ्यांचा खवा आणून गुलाबजाम ‘घरी केले’ म्हणतोच.

*

पीनट बटरच्या बरणीतही एक गुपित आहे. दाण्यात निम्मं तेलच असतं. नुसता दाणा वाटून ठेवला की दोन दिवसांत तेल वर, चोथा खाली. ते मिटवलं जोसेफ रोझफील्ड यानं, १९२० च्या दशकात: थोडं तेल हायड्रोजनेट करून, म्हणजे वनस्पती तुपासारखं घट्ट करून, त्यात घालायचं. हे घट्ट तेल बाकीच्या तेलाला जखडून ठेवतं. बरणीचं पीनट बटर घालून केलेला बिनपाकाचा फज फ्रीजमध्ये छान बसतो तो लोण्याच्या आणि या घट्ट तेलाच्या जिवावर.

घरच्या मिक्सरवर केलेलं पीनट बटर त्या कृतीत घातलं की फज मऊच राहतो, आणि मे महिन्यात टेबलावर ठेवला तर कागद तेलकट करतो. शेंगदाण्याचं तेल आपल्या हवेत गोठत नाही, त्याला कोण काय करणार? व्हाइट चॉकलेट घालून थोडं सावरता येतं. पण खरा इलाज पाकच. पाकाचा फज चरबीवर उभा नसतो, साखरेच्या कणांवर असतो. तेल त्या कणांच्या जाळीत अडकतं. म्हणून मी असं ठरवलंय: बरणीचं पीनट बटर असेल तर भाचीची कृती, घरचं असेल तर जुनी.

*

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पीनट बटर शोधलं, असं अजूनही कुणी ना कुणी सांगतं. कार्व्हर यांचं काम मोठंच आहे. कापसानं थकलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असं त्यांनी दक्षिणेतल्या शेतकऱ्यांना शिकवलं आणि १९१६ साली दाण्याच्या १०५ कृतींची पुस्तिका काढली. पण दाण्याच्या लगद्याचं पेटंट १८८४ सालीच माँट्रियलच्या मार्सेलस एडसनच्या नावे झालं होतं, आणि केलॉग बंधूंपैकी डॉक्टर जॉन हार्वे यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी १८९५ साली स्वतःचा अर्ज केला. दक्षिण अमेरिकेतले लोक दाणा वाटून खात होते ते या सगळ्यांच्या कितीतरी आधी.

*

घरचं पीनट बटर. दाणे मंद आचेवर लोखंडी कढईत, सालावर तपकिरी ठिपके येईपर्यंत. पंचात बांधून चोळायचे, सुपात पाखडायचे. सालं राहिली तर फज तुरट लागतो आणि रंगही मळतो.

मिक्सरमध्ये आधी कूट होतं. मग कूट कडेला चिकटून बसतं, पातं नुसतं फिरतं; झाकण काढून कडा खरवडायच्या. मग सगळ्याचा कणकेसारखा गोळा होऊन आत आपटायला लागतो आणि मोटरचा वास येतो. इथे बहुतेक जण घाबरून तेल ओततात. ओतू नये. थांबावं, भांडं निवू द्यावं, परत फिरवावं. आतलं तेल सुटलं की गोळा अचानक बसतो आणि वाहायला लागतो. पाणी किंवा दूध मात्र थेंबभरही नको; चमचाभर पाण्यानं सगळं घट्ट आणि कोरडं होतं. हाच गुण पाकातही दिसतो. दुधाच्या पाकात पीनट बटर मिसळलं की मिश्रण झपाट्यानं आवळतं, म्हणून ताट आधीच तूप लावून तयार हवं.

*

दाणे निवडण्याचा कंटाळा करू नये. निर्यातीच्या बाजारात दाण्याची प्रत औंसात किती दाणे बसतात त्यावर ठरते: ४०/५० म्हणजे टपोरा, ८०/९० म्हणजे बारीक. आपल्याला टपोरेपणाशी कर्तव्य नाही, एकसारखेपणाशी आहे. लहानमोठे मिसळलेले असले तर बारके करपतात तोवर मोठे कच्चेच.

आणि सुरकुतलेला, काळपट, बुरशी दिसणारा दाणा टाकूनच द्यायचा. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा शोध लागला की ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष होतं. तेच अफ्लाटॉक्सिन. भाजून ते पुरतं जात नाही. कुटात, बटरमध्ये, फजमध्ये एकदा वाटलं गेलं की डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून जे बघायचं ते सुपातच.

*

मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाड्या आणि सायकली. तिथली ख्याती फजची. दुकानाच्या दर्शनी भागात संगमरवरी ओट्यावर उकळता पाक ओततात आणि लांब पात्यांनी तो परतून परतून घडी घालतात. संगमरवर पाक निववतो, पातं घोटतं. बेटावरचे लोक पर्यटकांना ‘फजी’ म्हणतात. लोणावळ्यात आपण सगळे ‘चिक्की’च म्हणायचे. तसा लोणावळ्याला कूपरच्या दुकानात फजही मिळतो, आणि चिक्कीचा पुडा घेऊनही माणूस तिकडे वळतो.

*

भाचीच्या ओहायोत याच पीनट बटरच्या मिश्रणाच्या गोळ्या वळून चॉकलेटमध्ये बुडवतात, पण पुऱ्या नाही. वर एक गोल उघडा ठेवतात. बकाय नावाच्या झाडाची बी तशी दिसते, म्हणून बकायच म्हणतात. ते झाड त्यांचं राज्यवृक्ष आहे.

*

मीठ. विकतच्या पीनट बटरमध्ये असतं, घरच्यात घालावं लागतं. चिमूटभर तरी हवंच. नाहीतर दुसऱ्या तुकड्याला तोंड मिटतं. अमूलचं पिवळं लोणी वापरलं तर वेगळं मीठ नको.

*

सासूबाईंचा प्रश्न: ‘उपासाला चालेल का गं?’ दाणे, दूध, साखर, लोणी, सगळं चालतं. मग त्यांनी बरणी मागवली, चष्मा लावला आणि पाठीमागचा मजकूर वाचला. ‘यात तेल घातलंय ते कशाचं?’ वनस्पती तेल एवढंच छापलेलं. बरणी परत कपाटात. व्हॅनिलाचा वास घेऊन तीही बाटली बाजूला. निकाल असा लागला की घरचे दाणे, घरचा पाक आणि व्हॅनिलाऐवजी जायफळ. एकादशीला हा फज ताटात आला तेव्हा त्याला दाण्याची वडीच म्हटलं गेलं, आणि माझी हरकत नव्हती.

*

त्याचं प्रमाण. साखर ४०० ग्रॅम, दूध १५० मिली, लोणी दोन मोठे चमचे, घरचं पीनट बटर २०० ग्रॅम, मीठ, जायफळ. उपास नसेल तर चमचाभर लिक्विड ग्लुकोज. त्यानं साखर वेळेआधी दाणेदार होत नाही. पातेलं दुप्पट मोठं घ्यावं, दूध चढतं. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी फुटली की दोन मिनिटं झाकण. वाफेनं कडेची साखर धुऊन खाली येते. मग झाकण काढून, न ढवळता, गोळीपर्यंत. उतरवून लोणी आणि पीनट बटर वरच सोडायचं, कालवायचं नाही. निवलं की मीठ-जायफळ घालून घोटायचं, ओतायचं, कोमट असतानाच सुरीनं रेघा मारायच्या. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहतो, फ्रीज लागत नाही.

भाचीला हे सगळं कळवलं. तिनं विचारलं, ‘मावशी, ११४ म्हणजे आमच्या फॅरनहाइटमध्ये किती?’ २३७. कोलंबस पुण्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर आहे, तेव्हा त्यातून दीडेक अंश वजा.