वंशावळीतील रिकामी वर्तुळे

मानवशास्त्र म्हणजे दूरच्या आदिवासींचा अभ्यास, अशी पुष्कळांची समजूत असते. मला ते आमच्या माजघरातच भेटले. वंशावळीत पुरुषाची खूण त्रिकोण, स्त्रीची वर्तुळ. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या ग्रंथात मराठी मुलुखातील मामेबहिणीशी विवाहाची चाल नोंदली आहे. ते वाचले आणि आजी सासूला 'आत्याबाई' का म्हणे, ते उमगले.

मग घरची वंशावळ मांडली. सहा पिढ्यांचे त्रिकोण नावांनी भरले. वर्तुळे बहुतेक रिकामीच! आजीला माहेरचे नाव विचारले. ते सांगून ती म्हणाली, "साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं गं." एक वर्तुळ भरले. बाकीच्यांची नावे सांगणारे आता कोणीच उरलेले नाही.