कवचाआडचा गंज

बाजारात भांडे घेताना आपल्या घरातील वडीलधारी स्त्री काय करते, ते वाचकहो, आपण सर्वांनी पाहिले आहे. ती भांड्याची झळाळी पाहून भुलत नाही. ते उलटे करते, बुडावरून बोट फिरवते, टिचकी मारून नाद ऐकते आणि मगच भावाची गोष्ट काढते. परंतु त्याच घरात मोटार घ्यावयाची असली, की ही रीत कोणालाच आठवत नाही. रंग पाहिला जातो, बैठक दाबून पाहिली जाते, भोंगा वाजवला जातो. खाली वाकून गाडीचे पोट पाहणारा माणूस विरळाच. गाडी घरी आल्यानंतरही तोच प्रकार. टप रोज पुसला जातो. पोटाकडे पाहण्याचा प्रसंग येतो तो काहीतरी तुटल्यावर.

ज्या गाड्यांना सडकेचे बंधन नसते, त्यांच्या बाबतीत हे दुर्लक्ष फारच महाग पडते. मी म्हणते ती जीप. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ च्या सुमारास जन्मलेली ही गाडी आपल्याकडे लवकरच स्थायिक झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेचा आरंभ झाला, आणि त्यानंतरच्या काळात धूळ उडवीत येणारी गटविकास अधिकाऱ्यांची जीप हे देशभरच्या खेड्यांतील ओळखीचे दृश्य झाले. आसामचा चहामळा असो, राजस्थानची वाळू असो की कोकणातील आंब्याची बाग असो, जेथे रस्ता संपतो तेथून पुढे जाणे हेच तिचे काम. असल्या वाटेवर दगडांचे तडाखे गाडीच्या पोटाला बसतात. म्हणून गिअरची पेटी, तेलाची टाकी अशा नाजूक भागांच्या खाली जाड पोलादी पत्र्याचे कवच बसवलेले असते. मिस्त्री लोक त्याला नुसते ‘खालची प्लेट’ म्हणतात. शिवाय पत्र्याला पाणी लागू नये म्हणून साऱ्या तळाला डांबरासारखा काळा थर फासतात. इतकी दुहेरी तटबंदी असल्यावर आत काय बिघडणार, असे कोणालाही वाटावे. माझ्या मामांनाही तसेच वाटत होते.

मामांची हापूसची बाग देवगडजवळ, खाडीच्या अंगाला आहे. त्यांची जीप आंब्याच्या पेट्या वाहते, खत वाहते आणि गरज पडली तर रात्री-अपरात्री वाडीतल्या आजाऱ्यालाही दवाखान्यात पोचवते. गेल्या मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नासाठी मी दिल्लीहून तेथे गेले होते. लग्न कोल्हापुरास, चार दिवसांवर आलेले. तळेरे, वैभववाडी, मग करूळचा घाट चढून गगनबावडा, अशी वाट. आणि परतताना तोच घाट उतरायचा. घरातील बायकामुलांना मामा स्वतःच जीपमधून नेणार होते.

निघण्यापूर्वी गाडीला खालून नवा काळा थर मारून घ्यावा, असे त्यांच्या मनात आले. आदला थर दोन वर्षांपूर्वीचा होता. बाजारातल्या एका कारखान्याने अर्ध्या दिवसात काम करून देण्याचे कबूलही केले होते. पण मामांच्या नेहमीच्या मिस्त्रीने गाडीखाली नजर टाकली आणि तो म्हणाला, “काका, थर मागाहून मारा. आधी प्लेट उतरवू या.” मामांना ते रुचले नाही. प्लेट शाबूत आहे, रंग काळा कुळकुळीत आहे, मग चार दिवसांवर लग्न असताना गाडी खोलून ठेवायची कशाला? त्यांचा प्रश्न रास्त होता. मी चाकाशेजारी उभी राहून पाहत होते. मलाही सारे ठीकच दिसत होते. मिस्त्रीने माझ्याकडे पाहून हसत म्हटले, “ताई, वरसून काय बगतास? खालसून बगा.”

त्याने जॅकने गाडी उचलली, लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि हातोडीच्या दांड्याने तळाला जागोजागी ठोकण्यास आरंभ केला. कोठे खणखणीत आवाज येई. कोठे मात्र ओल्या लाकडावर मारल्यासारखा बद्द आवाज उमटे. बद्द आवाजाच्या जागी त्याने पटाशीचे टोक घातले, तो काळा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अलगद सुटून आला. वरून तो अखंड होता. त्याच्या पोटात ओलसर तांबडी भुकटी भरलेली होती.

प्लेट उतरवायला सारा दुपारचा वेळ लागला. बोल्ट गंजून जागीच धरले होते. त्यांना पातळ तेल पाजून वाट पाहावी लागली. दोन तर कापूनच काढावे लागले. प्लेट खाली आली तेव्हा तिच्यावर टोपलीभर चिखल साचलेला होता. कोकणातला जांभा तांबडा दिसतो तो त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे, म्हणजे एका अर्थी गंजामुळेच. तेव्हा माती कोणती आणि गंज कोणता, हे वरवर पाहून ओळखणे अशक्य. मिस्त्रीने पाण्याचा फवारा मारला, माती वाहून गेली आणि जे तांबडे उरले त्याला गंज म्हणायचे हे आम्हाला कळले. प्लेटच्या वरून जाणारी ब्रेकची पोलादी नळी हातभर लांबीत खवल्याखवल्यांची झाली होती. मिस्त्रीने ती पकडीत धरून किंचित वाकवली. ती काडीसारखी मोडली.

त्या जुन्या बनावटीच्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीजाळ्यावर चालतात. नळी एका जागी फुटली, की पायाखालचा दाब सगळ्याच चाकांना पोचेनासा होतो. करूळच्या उतारावर, मागे मुलेबाळे बसलेली असताना ती फुटली असती तर, हे वाक्य आमच्यापैकी कोणीही पुरे केले नाही. मामा बराच वेळ मोडलेला तुकडा हातात घेऊन उभे होते. मग त्यांनी कारखान्याला निरोप पाठवून काळा थर रद्द केला आणि वऱ्हाडासाठी दुसरी गाडी ठरवली.

जे कवच राखणीसाठी बसवले, त्याच्याच आड गंज इतका का माजावा, हा प्रश्न मला तेव्हापासून छळू लागला. उत्तर शोधताना केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांच्या एका साध्या प्रयोगाची माहिती मिळाली. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्या पाण्यात रंग बदलून रासायनिक फरक दाखवणारी द्रव्ये मिसळली होती. थेंबाच्या कडेला, जेथे हवा सहज पोचते, तेथे गुलाबी छटा आली. मध्यभागी, जेथे हवा कमी पोचते, तेथे निळी. निळी छटा म्हणजे लोखंड विरघळत असल्याची खूण. याचा अर्थ असा, की ओल्या लोखंडाच्या एका भागाला हवा भरपूर आणि दुसऱ्याला कमी मिळाली, तर झीज होते ती कमी हवेच्या भागाची. झाकलेली जागा सुरक्षित, ही आपली समजूत येथे उलटी ठरते. प्लेटवर साचलेला चिखल, सुटलेल्या थराखालची ओल, दोन पत्र्यांमधली फट या सर्व जागा म्हणजे त्या थेंबाचा मध्यभागच होत.

त्यात समुद्राजवळचे मीठ भर घालते. खाऱ्या पाण्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो, आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत्-रासायनिकच आहे. आपल्या देशात तामिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ साली सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्थेत गंजाचा अभ्यास चालतो, तो याच कारणाने. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहूनही अधिक असते. त्यामुळे तो फुगतो, रंग उचलतो, सांधे फाकवतो आणि आपल्यासाठी नवी फट आपणच तयार करतो.

दिल्लीस परतल्यावर मेहरौलीच्या लोहस्तंभाकडे मी नव्या दृष्टीने पाहिले. सुमारे १,६०० वर्षे तो पावसापाण्यात उभा आहे. त्याची उंची ७ मीटरांहून अधिक आणि वजन ६ टनांहून अधिक. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे. त्यामुळे अंगावर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरला गेला, असे आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून दिसून आले. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही त्याला साथ आहे. हा स्तंभ गंजत नाही, असे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण १९६१ साली जतनासाठी तो उकरण्यात आला तेव्हा जमिनीत गाडलेल्या भागावर गंजाचे कवच धरलेले आढळले. मग त्या भागाला शिशाचा पत्रा गुंडाळून स्तंभ पुन्हा उभा करण्यात आला. इतक्या नामांकित लोखंडाचीही जर मातीआड ही स्थिती, तर मामांच्या जीपने काय करावे?

आता ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी मिस्त्रीकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम घोड्या लावल्याखेरीज काम सुरू करू नये. घासताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाचे खवले थेट डोळ्यांत पडतात. हट्टी बोल्ट ज्योत लावून तापवण्याचा मोह तेलाच्या टाकीजवळ तरी आवरावा. आदल्या रात्री तेल पाजून ठेवले, की पुष्कळदा काम भागते.

प्लेट उतरवून धुतल्यावर गंजाची प्रत ठरवावी लागते. नखाने निघणारी तांबडी भुकटी असेल तर भिण्याचे कारण नाही. तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत जावे. काने-कोपरे राहिलेच, तर गंजाला काळ्या, टणक थरात बदलणारे द्रावण बाजारात मिळते. पुष्कळ द्रावणांत टॅनिन असते. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा अंश मिसळून आपल्याकडे काळी शाई करीत, त्यातली क्रिया तीच. त्यावर जस्ताचा अस्तर-रंग द्यावा. जस्ताचा गुण असा, की रंगावर ओरखडा पडला तरी ते आधी आपण झिजते आणि लोखंडाला राखते. अस्तर पूर्ण वाळल्यावर मग हवा तर काळा थर. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर फासलेला थर हा रोग्याला झाकून ठेवणारी गोधडी होय, औषध नव्हे.

गंज खवल्यांच्या रूपाने सुटत असेल, तर टोकदार अवजाराने टोचून पाहावे. टोक आरपार गेले आणि तो भाग चासीचा असला, तर तेथे लांबी भरून रंग देणे म्हणजे स्वतःची फसवणूक. कुजका तुकडा कापून जाणत्या माणसाकडून नवा पत्रा जोडून घ्यावा. ब्रेकच्या नळीला मात्र दुरुस्ती नाहीच. खवले दिसले की ती बदलावी. कित्येक ठिकाणी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासण्याची चाल आहे. ते रबरी भाग खराब करते, ब्रेकवर उडाले तर घात करते आणि अखेर आपल्याच विहिरीच्या मातीत मुरते. त्यापेक्षा पोकळ भागांत मारण्याचे मेण बरे.

प्लेट परत बसवताना मिस्त्रीने बोल्टांना ग्रीस लावले, म्हणजे पुढच्या खेपेला ते सुखाने निघतील. प्लेटला पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली होती, ती त्याने मोकळी केली. ‘पाणी येणारच, त्याला जायला वाट ठेवायची,’ एवढेच त्याचे म्हणणे. समुद्रकाठी गाडी फिरली, की त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ धुवावा, हेही त्याने मामांना बजावले. एकंदर काम तीन दिवस चालले. लग्न दुसऱ्या गाडीतून जाऊन पार पडले, आणि परतल्यावर जीप अंगणात वाट पाहत उभी होती.

पावसाळा सरता सरता आपल्या देशात यंत्रांची पूजा होते. बंगालात विश्वकर्म्याची, कर्नाटक-तामिळनाडूत आयुधपूजा, आपल्याकडे खंडेनवमी आणि दसरा. त्या दिवशी गाडी धुतली जाते, झेंडूचा हार पुढच्या बाजूला चढतो. चार महिन्यांचा चिखल पोटात साठलेला असतो तोही नेमका याच सुमारास. तेव्हा वाचकहो, यंदा हार घालण्यापूर्वी एखाद्या माहितगार मिस्त्रीला बोलवा, खालची प्लेट उतरवून घ्या आणि भांडे पारखणाऱ्या त्या वडीलधाऱ्या स्त्रीसारखे टिचकी मारून ऐका. आवाज खणखणीत आला, तर हार खुशाल घाला. बद्द आला, तर हार पाण्यात ठेवा. दोन दिवस उशिरा घातला म्हणून तो काही कोमेजणार नाही.