गाळलेला ‘जो’

आमच्या निपाणीकडं मुलाला दोन भाषा आपोआप येतात. घरात मराठी, बाजारात कानडी. आमच्या पिढीला तिसरी भाषा, म्हणजे इंग्रजी, पाचवीत भेटली आणि ती व्याकरणाच्या पुस्तकातूनच भेटली. पुढं हायस्कुलात चौतीस वर्षं मी तीच शिकवली. या सगळ्या वर्षांत एक प्रश्न न चुकता यायचा. फळ्यावर ‘द मॅन आय सॉ’ असं लिहिलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, “सर, यातला ‘जो’ कुठं गेला?”

प्रश्न रास्त होता. मराठीत आपण ‘जो माणूस मी पाहिला तो’ असं म्हणतो. बोलण्याच्या ओघात ‘जो’ गळतो, पण मग ‘मी पाहिला तो माणूस’ असं होतं. ‘जो’ गेला तरी ‘तो’ जामीन राहतो. इंग्रजीत जामीनही नाही. ‘माणूस मी पाहिला’ एवढंच म्हणायचं आणि पुढं चालायचं. अट एकच, गाळलेल्या सर्वनामाच्या मागं त्या उपवाक्याचा स्वतःचा कर्ता असला पाहिजे. ‘मी पाहिलेला माणूस’ म्हणताना ‘हू’ गाळता येतो, ‘काल आलेला माणूस’ म्हणताना येत नाही.

एका नामापुरतं हे ठीक चालतं. खरी मौज नामांची जोडी आली म्हणजे सुरू होते. ‘मला आठवणारे मास्तर आणि शाळा’ हे इंग्रजीत कसं म्हणाल? मास्तर माणूस, त्यांना ‘हू’ हवा. शाळा वस्तू, तिला ‘विच’ हवा. दोघांना मिळून काय द्यायचं? जुनी व्याकरणं सांगतात, अशा वेळी ‘दॅट’ वापरा, तो दोघांनाही चालतो. पण इंग्रज माणूस बोलताना त्याहून सोपी वाट धरतो. तो काहीच वापरत नाही. ‘द टीचर अँड द स्कूल आय रिमेंबर.’ भांडण मिटवण्यापेक्षा भांडणाचं कारणच उचलून नेलं!

हे भांडण जुनं आहे. 1711 साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या पत्रात ‘हू’ आणि ‘विच’ यांच्या नावानं एक विनंतीअर्ज छापून आला होता. आमची जागा ‘दॅट’नं बळकावली, आम्हांला न्याय द्या, अशी त्यात तक्रार. सीमाभागातल्या माणसाला हा अर्ज वाचून हसू येईल आणि थोडी आपुलकीही वाटेल. अर्ज कसा लिहावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको! पुढं डॉक्टर जॉन्सननं सर्वनाम गाळण्याच्या सवयीला बोलीतला रानटीपणा ठरवलं. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी ओटो येस्पर्सन हा डॅनिश पंडित जॉन्सनच्या उलट बोलला. त्याचं म्हणणं, इथं काही गाळलेलंच नाही, दोन बोलणी एकमेकांना नुसती चिकटून बसली आहेत. त्यानं या रचनेला नावही तसंच दिलं, ‘काँटॅक्ट क्लॉज’, म्हणजे लगटून बसलेलं वाक्य.

मराठीला अशी लगट परवडत नाही. ‘वाडा’ पुल्लिंगी आणि ‘जमीन’ स्त्रीलिंगी. एका सर्वनामात दोघं मावत नाहीत. ‘जो वाडा आणि जी जमीन मी घेतली’ असं म्हणावं लागतं. ‘घेतलेला’ म्हटलं तरी तेच, वाड्याला ‘घेतलेला’ आणि जमिनीला ‘घेतलेली’. जोडनामाला जोडसर्वनाम, असा आपला रोखठोक व्यवहार. हा व्यवहार किती मोलाचा आहे हे मला शाळेत कळलं नाही. ते कळलं आमच्या घरातल्या एका कागदावरून.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, दिवाणी कोर्टात शिरस्तेदार होते. मुंबई इलाख्यात नोकरी धरली आणि 1956 साली राज्यपुनर्रचनेत तालुका म्हैसूर राज्यात गेल्यावर तिथून निवृत्त झाले. तोंडात मराठी, साहेबापुढं इंग्रजी, पक्षकारांशी कानडी. 1986 साली ते वारले तेव्हा पेटीत 1961 सालचं मृत्युपत्र निघालं. ते स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलेलं होतं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘द हाउस अँड द लँड आय बॉट’ मी थोरल्या मुलाला देतो.

थोरला मुलगा म्हणजे माझे वडील. धाकटे काका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत आणि तंबाखूच्या वखारीत कारकुनी करत. जमीन अण्णांनी 1944 साली आपल्या पगारातून घेतली होती, तिच्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न वाड्याचा होता. ‘आय बॉट’ हे शब्द नुसते जमिनीला लागतात की वाड्यालाही? वाडाही अण्णांनी घेतलेला असेल तर तो त्यांचा स्वकष्टार्जित, पाहिजे त्याला द्यायला ते मोकळे. वाडा वडिलोपार्जित असेल तर त्यात काकांचा जन्मापासूनचा हिस्सा, आणि अण्णांना देता येणार तो फक्त त्यांचा स्वतःचा हिस्सा. पणजोबांच्या काळातले कागद वाळवीनं खाल्ले होते. वकील म्हणाले, कोर्टात गेलात तर नुसत्या एका वाक्यावर निकाल लागणार नाही, पुरावा लागेल, आणि वर्षं जातील. त्यापेक्षा घरात बसून मिटवा.

वडिलांनी कागद माझ्यापुढं ठेवला. “तू इंग्रजीचा मास्तर. याचं सरळ मराठी करून दे.”

सरळ मराठी होईना. ‘मी घेतलेला वाडा आणि घेतलेली जमीन’ असं लिहिलं की वाडा आमचा. ‘वाडा, आणि मी घेतलेली जमीन’ असं लिहिलं की काकांचा हिस्सा उभा राहिला. इंग्रजी वाक्य दोन्हींना हो म्हणत होतं. ‘लँड’च्या आधी दुसरा ‘द’ होता, त्यामुळं दोन्ही नामं जरा वेगळी वाटत होती, पण तेवढ्यावर वाडा वाटता येत नाही. आणि भाषांतर करणारा मी, वडिलांचा मुलगा, या खटल्यात तटस्थ नव्हतो. आमच्याकडं तीन मुलगे होतो, जागा कमी पडत होती. शेवटी एकाच कागदावर दोन्ही मराठी वाक्यं, एकाखाली एक, लिहिली आणि संध्याकाळी सगळ्यांपुढं ठेवली.

काकूचं माहेर गोकाककडचं. तिनं ते वाक्य मनातल्या मनात कानडीत घालून पाहिलं. “‘नानु कोंड मने मत्तु होल’ म्हटलं तर आमच्यात घोटाळा शेताचा होईल,” ती म्हणाली. “घर तर घेतलेलं ठरतं, शेत घेतलेलं की कसं, ते कळत नाही.” मला ते एकदम पटलं. कानडीत विशेषण आधी येतं म्हणून शंका दुसऱ्या नामावर पडते, इंग्रजीत उपवाक्य मागून येतं म्हणून ती पहिल्यावर पडते. मराठीचा अभिमान मात्र आत्यानं जागेवर आणला. “अण्णा वाडा म्हणाले असते तर सुटलं असतं. घर आणि शेत म्हणाले असते तर? ‘मी घेतलेलं घर आणि शेत’, लाव आता कुणाला लावतोस ते!” दोन्ही नपुंसकलिंगी. आपल्या लिंगाचा पहारा तिथं झोपतो.

आजी तोवर वाती वळत बसली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि कानडीही बेतानंच. ती मान वर न करता म्हणाली, “जमीन घेतली. वाडा सोडवला.”

कुणी काही बोललं नाही. पणजोबांनी वाडा सावकाराकडं गहाण टाकला होता आणि अण्णांनी तो पैसे भरून सोडवला, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. अण्णा स्वतः कधीही ‘वाडा घेतला’ असं म्हणाले नव्हते, हे तेव्हा प्रत्येकाला आठवलं. आणि गहाण सोडवण्याला इंग्रजीत ‘रिडीम’ म्हणतात हे कोर्टात जन्म काढलेल्या शिरस्तेदाराला ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? ‘बॉट’ त्यांनी जमिनीसाठीच लिहिलं होतं. लिहिताना त्यांना संशय आला नसणार. त्यांच्या मनात वाडा आणि जमीन यांच्या दोन वेगळ्या कथा होत्या, त्यामुळं कागदावरही त्या वेगळ्याच दिसल्या असतील.

वडिलांनी माझ्या कागदावरचं पहिलं वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं. अण्णांचा हिस्सा धरून कायद्यानं त्यांच्या वाट्याला वाड्याचा अर्ध्याहून जास्त भाग आला असता. त्यांनी अर्धा घेतला. आईला ते काही दिवस जड गेलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण काका आणि वडील शेवटपर्यंत एका पंगतीला जेवले.

येस्पर्सन म्हणतो तसं बोलताना काही गळत नसेलही. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात, मधली जागा दोघांना ठाऊक असते, म्हणून तिथं शब्द लागत नाही. बोलणारा गेला की ती जागा ऐकणाऱ्याला भरावी लागते, आणि तो ती बहुधा आपल्या सोयीनं भरतो. आमच्या नशिबानं भरणारी आजी होती, तिला त्यातून मिळवायचं काही नव्हतं.

वाटणीपत्र 1987 साली कानडीत झालं. कारकुनानं मसुदा वाचून दाखवला तेव्हा काकांनी त्याला मध्येच थांबवलं. शब्द थोडे जास्त झाले तरी चालतील, म्हणाले, पण वाड्याचं वाक्य वेगळं लिहा आणि जमिनीचं वेगळं.