पहिला पर्याय

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये मला हवं ते कॉलेज मी पहिल्या नंबरवर टाकलंच नाही. नेट कॅफेवाला दादा बाबांना म्हणाला होता, "वर मोठं नाव टाकलं नि नाही लागलं, तर खालचंही जाईल. सेफ टाका." आम्ही सेफ टाकलं आणि पहिल्याच राउंडला लागलं. नंतर कट-ऑफ पाहिला. मला हवं ते कॉलेज माझ्याहून कमी मार्कांवर बंद झालं होतं. बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

नोकरीत असताना मॅचिंग अल्गोरिदम शोधताना आल्विन रॉथ सापडले. शाळा अर्धवट सोडून कोलंबियात गेलेले, १९७४ मध्ये स्टॅनफर्डमधून ऑपरेशन्स रिसर्चमध्ये पीएचडी केलेले प्राध्यापक. म्हणजे मूळचे जवळपास आपल्यातलेच. गेल आणि शॅप्लींनी १९६२ मध्ये कागदावर मांडलेलं गणित रॉथ यांनी प्रत्यक्षात वापरलं: नव्या डॉक्टरांच्या नेमणुका, न्यूयॉर्कच्या शाळांचे प्रवेश. जुळणारा दाता घरात नसलेल्या कुटुंबांमध्ये किडनीची अदलाबदल कशी करायची, यावरही काम केलं. २०१२ चं नोबेल त्यांना शॅप्लींसोबत मिळालं.

पण मी अडकलो बॉस्टनपाशी. तिथल्या जुन्या पद्धतीत शाळा आधी पहिला पर्याय देणाऱ्यांनाच घ्यायची. वर मोठं नाव टाकून हुकलात, तर दुसऱ्या पर्यायाची शाळा तोवर भरलेली. दादाचा सल्ला तिथे अगदी बरोबर ठरला असता! रॉथ आणि सहकाऱ्यांच्या कामानंतर बॉस्टनने २००५ मध्ये पद्धत बदलली. आता शाळा जागा तात्पुरती देते. दुसऱ्या पर्यायावरून आलेला मुलगा प्राधान्यक्रमात वर असेल तर जागा त्याची. त्यामुळे मनातलं खरं लिहिण्यात तोटा नाही. ज्यांच्या आईबाबांना आतल्या खाचाखोचा माहीत, त्यांचाच फायदा होणं थांबलं.

आमच्या राउंडमध्येही ढोबळमानाने मार्कांच्या क्रमाने नंबर यायचा आणि यादीतलं सर्वांत वरचं शिल्लक कॉलेज मिळायचं. खरं लिहिलं असतं तरी काही गेलं नसतं. नियम ठीक होता. तो आम्हाला कुणी समजावला नव्हता, एवढंच.

गेल्या वर्षी मावसबहिणीचा फॉर्म भरताना बाबा शेजारी बसले होते. मी तिला विचारलं, "सगळीकडे लागणारच असेल, तर कुठे जाशील?" तिने नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "मग तेच वर टाक."