जुलाबाची दवा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मावशीला जुलाब लागले. मावशीचे माहेर रावेर तालुक्यातले, शिक्षण तिथल्याच मराठी शाळेत चौथीपर्यंत. लग्न होऊन ती बऱ्हाणपुरास आली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. हिंदी ती बाजारापुरती बोलते. वाचायचे म्हटले की तिचे डोळे मराठीच वाचतात. गावातील एका रुग्णालयात तिला तपासले, गोळ्या दिल्या, जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या आणि सोबत एक छापील पत्रक दिले. पत्रक हिंदीत होते. लिपी नागरीच असल्यामुळे मावशीने ते चष्मा लावून शब्दन् शब्द वाचले, आणि गोळ्या व पुड्या देवघराशेजारच्या कपाटात ठेवून दिल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला पाहिले तेव्हा जीभ कोरडी पडली होती, डोळे खोल गेले होते आणि सकाळपासून लघवी झालेली नव्हती. पुन्हा रुग्णालय, सलाईन, दोन रात्रींचे जागरण. ती सावरल्यावर आम्ही जरा रागानेच विचारले, "मावशी, औषध का नाही घेतलंस?" तिने उशाखालून ते पत्रक काढून आमच्या हातात दिले. "घेऊ नका असं यातच लिहिलं आहे की!" तिच्या बोटाखाली ओळ होती : 'जुलाब की कोई दवा न लें।'

आमचे वाचक सीमेच्या दोन्ही अंगांना राहणारे आहेत; त्यांतील पुष्कळांना यातली मेख लगेच कळेल. हिंदीत जुलाब म्हणजे रेचक, पोट साफ होण्यासाठी घ्यावयाचे औषध. मराठीत जुलाब म्हणजे तो विकार. पत्रक सांगत होते की हगवण लागली असता पोट 'धुऊन काढण्यासाठी' म्हणून रेचक घेऊ नका, आणि ते सांगणे अगदी योग्य होते, कारण तशी समजूत आमच्याकडे अजून आहे. मावशीने मात्र वाचले की जुलाबावरचे कोणतेही औषध घेऊ नका. अक्षर एकही चुकलेले नव्हते. व्याकरण शुद्ध होते. वैद्यकदृष्ट्याही त्या ओळीत दोष काढता आला नसता.

या शब्दाचा प्रवास सांगण्याचा मोह आवरत नाही. फारसीतले 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, मिळून गुलाबपाणी. अरबीत गेल्यावर त्याचा जुलाब झाला आणि गोड सरबताला व औषधी पेयाला ते नाव मिळाले. इंग्रजीतला 'जुलेप' तिथलाच. पुढे पोट साफ करणाऱ्या पेयाला ते चिकटले. हिंदी-उर्दूत शब्द त्या पेयापाशी थांबला, मराठीत तो पेयाच्या परिणामावर घसरला. एवढ्या घसरणीने मावशीला सलाईन लागले.

त्यानंतर आम्ही ते पत्रक मावशीच्या डोळ्यांनी पुन्हा वाचले. पहिलाच शब्द 'दस्त'. मराठी माणसाला दस्त म्हटले की दुय्यम निबंधकाचे कार्यालय आठवते. पुढे 'खुराक पूरी करें'. हिंदीत खुराक म्हणजे औषधाची मात्रा. आमच्याकडे खुराक पैलवानाचा असतो, बाळंतिणीचा असतो. गोळ्यांचा ठरलेला क्रम पुरा करण्याऐवजी कोणी शिरा-बदाम खाऊ लागले तर त्यास हसता येणार नाही. 'खाली पेट' हे तर मराठीत नुसते अक्षरांचे कोडे आहे, 'खाली' म्हणजे तळाला आणि 'पेट' म्हणजे पेट घे. आमच्या आज्या ज्याला अनशापोटी म्हणत, ते हेच, हे कोणी सांगावे? दवाखान्यांच्या भिंतींवर बालकांच्या 'टीक्या'ची माहिती असते, आणि मराठीत टीका ही वर्तमानपत्रात होते, दंडावर नव्हे. पन्नास वर्षांच्या सहवासाने यांतले बरेचसे शब्द आमच्या लोकांना उमगतात. धोका न उमगणाऱ्या शब्दाचा फारसा नाही. तो शेजाऱ्याला विचारता येतो. धोका उमगला असे वाटणाऱ्या शब्दाचा आहे.

असे केवळ आमच्याच गावी घडते असे नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात 1980 साली एका 18 वर्षांच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. त्याच्या घरच्यांनी क्यूबाच्या स्पॅनिशमध्ये तो 'इंटॉक्सिकादो' आहे असे सांगितले. म्हणजे काहीतरी खाण्यापिण्यातून बाधले आहे. ऐकणाऱ्यांनी त्याचा इंग्रजी जुळा शब्द धरला आणि अमली पदार्थाच्या अतिसेवनाचे उपचार सुरू केले. वास्तविक त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तरुणाचे हातपाय कायमचे लुळे झाले. पुढे भरपाईची रक्कम सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरपर्यंत गेली. परक्या शब्दाची शंका तरी येते, दोन भाषांत एकाच चेहऱ्याने वावरणाऱ्या शब्दाची येत नाही.

आम्ही त्या रुग्णालयात गेलो ते भांडायच्या तयारीने. परंतु भेटलेले डॉक्टर सज्जन निघाले. पत्रक त्यांच्याच एका सहकाऱ्याने लिहिले होते, एका ज्येष्ठ तज्ज्ञाने तपासले होते. मावशीची हकीकत ऐकून ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आम्ही औषधं तपासली, मात्रा तपासल्या. शब्द कोण तपासणार?" हा प्रश्न आम्ही घेऊन आलो, तो अजून आमच्यापाशी आहे.

रुग्णांसाठी माहिती लिहिणे व तपासणे हे वैद्यकातील एक वेगळे काम आहे, याची जाणीव आपल्याकडे उशिरा येत आहे. नीट केलेल्या आरोग्यपत्रकाच्या तळाशी लिहिणाऱ्याचे नाव असते, तपासणाऱ्या तज्ज्ञाचे नाव असते, तपासणीची तारीख असते. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रकावर तज्ज्ञाची सही पुरत नाही. ते प्रत्यक्ष वापरणाऱ्या लोकांकडून वाचून घ्यावे लागते. थोड्या लोकांना पत्रक द्यायचे, प्रश्न विचारायचे, हवी ती माहिती त्यांना सापडते काय आणि सापडली तर तिचा अर्थ ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात काय हे पाहायचे, जिथे अडखळतील ती ओळ बदलायची. फार साधी रीत आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत, रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे असे म्हटले आहे. भाषिक अल्पसंख्याक जिथे 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, 1956 च्या निवेदनापासून चालत आलेले धोरण. ते आमच्या वाचकांना पाठ असल्याने येथे उगाळत नाही.

मध्य प्रदेश शासनाने 16 ऑक्टोबर 2022 रोजी भोपाळात वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तके हिंदीत प्रकाशित केली : शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. त्यासाठी कितीतरी डॉक्टर महिनोन्महिने एकत्र बसले होते. काही मराठी मित्रांनी या उपक्रमाची थट्टा केली. आम्हांस ती रुचली नाही. डॉक्टरांनी आपल्या लोकभाषेत लिहायला बसावे हे चांगलेच आहे. मात्र ती पुस्तके विद्यार्थ्यासाठी होती, आणि त्यांत इंग्रजी संज्ञा नागरी लिपीत तशाच ठेवल्या तरी विद्यार्थ्याचे अडत नाही. त्याला शिक्षक आहे, कोश आहे, पाच वर्षे आहेत. मावशीपाशी एक कागद होता आणि तीन दिवस.

मराठीत डॉक्टरांनी लिहिण्याची परंपरा लहान नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात 1861 साली मराठीतून वैद्यक शिकविणारा वर्ग सुरू झाला होता, आणि त्या काळच्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी गर्भविद्या व प्रसूतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. अलीकडच्या काळात डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'ने घराघरांत जागा मिळविली, याचे एक कारण असे की तिथे लिहिणारा डॉक्टर आणि भोगणारा रुग्ण एकच होता. त्या पुस्तकाहून आम्हांला गडचिरोलीतील त्यांचेच एक लहानसे साधन अधिक बोलके वाटते. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वासांच्या वेगावरून कळते. दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेत असेल तर धोका. परंतु साठपर्यंत मोजणे गावातल्या निरक्षर दाईला जमत नव्हते. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन केले : दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळ आजारी. इथे तज्ज्ञाने वाचणाऱ्याला बदलायला सांगितले नाही, स्वतःचा कागद बदलला.

हे सारे आठवून आम्हांस स्फुरण चढले आणि आम्ही जुलाबावरचे मराठी पत्रक स्वतःच लिहिले. भाषेवर आमची बरीच भिस्त. जलसंजीवनीची पुडी 'तांब्याभर पाण्यात' विरघळवावी असे आम्ही लिहिले आणि त्या 'तांब्याभर'वर मनोमन खूशही झालो. सीमेपलीकडे, जळगाव जिल्ह्यात दवाखाना चालविणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना ते पाठविले. त्यांचा दूरध्वनी त्याच संध्याकाळी आला. "भाऊ, तुमचा तांब्या किती मोठा?" मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी 200 मिलीलिटरसाठी. घरोघरचे तांबे वेगळे. पाणी कमी पडले तर द्रावण खारट होते आणि तान्ह्या बाळाला त्यातून अपाय होऊ शकतो. त्यांनी आमचा तांब्या खोडून 'पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी, मोजून' असे घातले, आणि लहान मुलांच्या जस्ताच्या गोळ्यांपुढे 'जुलाब थांबले तरी 14 दिवस पुऱ्या करा' ही ओळ वाढविली. ती ओळ आम्हांला सुचणे शक्यच नव्हते. भाषेच्या प्रेमापोटी वैद्यकी करू पाहणाऱ्या माणसाला एवढी चपराक पुरेशी होती.

दुसरी बसायची होती. सुधारलेले पत्रक आम्ही यंत्रमागांच्या मोहल्ल्यातील आणि केळीच्या वखारीतील पाच बायांना वाचायला दिले. 'समजलं का?' असे विचारले तर सगळ्याच माना डोलावतात, म्हणून 'आता घरी जाऊन काय काय करशील, ते सांग' असे विचारले. पाचांपैकी चौघी एकाच ठिकाणी थबकल्या. 'निर्जलीकरणाची लक्षणे'. हा शब्द आम्ही अभिमानाने घातला होता. हिंदी पत्रकातही हाच आहे, हे तेव्हा ध्यानात आले. त्यांतली एक बाई म्हणाली, "हे सरकारी दिसतंय." त्या जागी आता 'अंगातले पाणी कमी झाल्याच्या खुणा' असे आहे. हिंदीने मावशीला फसविले म्हणून आम्ही लिहायला बसलो आणि आमच्या मराठीने या बायांना फसविण्याची तयारी ठेवली होती. शिवाय आमच्याच जिल्ह्यातील बारेला व कोरकू कुटुंबांना मावशीइतकाही आधार नाही. त्यांच्या बोलीत पत्रक कोण लिहील आणि कोण तपासील हे विचारायचा अधिकार आम्हांस आहे की नाही, इथे आम्ही अडतो.

त्या रुग्णालयातील डॉक्टरांनी मराठी पत्रक ठेवून घेतले आहे. हिंदी पत्रकातील ती ओळही त्यांनी बदलली. 'जुलाब' काढून 'पेट साफ़ करने की दवा' असे केले. तळाशी आता लिहिणाऱ्यांची व तपासणाऱ्यांची नावे आणि तारीख आहे. पाच बायांची नावे घालावीत असा आमचा आग्रह होता. त्यांनीच नको म्हटले.

दुसरे पत्रक बालकांच्या न्यूमोनियावर करावयाचे आहे. आमच्याकडील आया त्याला कधी 'डबा' म्हणतात, कधी हिंदीप्रमाणे 'पसली चालते' म्हणतात, आणि नुसत्या सर्दीने छाती भरली तरी काही ठिकाणी 'डबा'च म्हणतात. रावेर, मुक्ताईनगर, जळगाव जामोद, धारणी या बाजूच्या वाचकांपैकी जे डॉक्टर, परिचारिका अथवा आशाताई असतील त्यांनी आपल्या गावी या आजारास कोणता शब्द चालतो आणि त्याने नेमके काय समजतात, ते आम्हांस कळवावे. मसुदा पावसाळ्याआधी पुरा करून बाईंकडे पाठवायचा आहे.